पाकिटावरील उष्मांक हेही मापच आहे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत करव्यवस्था, वाहतूक, बाजारभाव इत्यादी विषयांवर अधिकारी व्यक्ती दरवर्षी लिहीत असतात. प्रस्तुत लेखक छावणीतील धान्याचा घाऊक व्यापारी असून त्याचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले आहे. आहारशास्त्रात त्याचा अधिकार नाही. परंतु वजन आणि माप हा विषय आपल्या पेढीवरचा आहे, आणि ज्या आकड्याविषयी लिहावयाचे तो आकडा माझ्या मते मापाच्याच जातीचा आहे. शेव, चिवडा, बिस्किटे यांच्या पाकिटामागे जो पोषणाचा तक्ता असतो, त्याच्या पहिल्या ओळीत ऊर्जा म्हणून किलोकॅलरी, अर्थात उष्मांक, छापलेले असतात. तो हा आकडा.

त्याच पाकिटावर निव्वळ वजनही असते. त्याची व्यवस्था पाहा. १९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलोग्रॅम आला तेव्हापासून वजनाचा बंदोबस्त उत्तरोत्तर कडक होत गेला. आवेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या पाकिटात फार तर ९ ग्रॅमची तूट क्षम्य आहे, आणि तीही अशी की अनेक पाकिटांची सरासरी २०० च्या खाली येता कामा नये. निरीक्षक येतो, काटा लावतो, आणि गिऱ्हाईकालाही वाटल्यास कोपऱ्यावरच्या दुकानात पाकीट तोलता येते. उष्मांक तोलणारा काटा मात्र कोणत्याही दुकानात नाही. जे गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, ते सर्वस्वी विक्रेत्याच्या सचोटीवर अवलंबून राहते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

हा आकडा येतो कोठून? बहुधा गणिताने. अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ प्रयोग करून जी कोष्टके दिली, त्यांवरून प्रथिनांच्या व पिष्टाच्या ग्रॅमला ४ आणि स्निग्धाच्या ग्रॅमला ९ उष्मांक धरतात. हिशेब सोयीचा आहे, पण तो सरासरीचा आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतच माणसांना बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १२९ उष्मांक मिळाल्याचे आढळले. कोष्टकाप्रमाणे ते १७० च्या आसपास यावयास हवे होते. चावूनही न फुटलेले कण तेल आत ठेवून तसेच बाहेर पडतात. येथे लेबल अधिक सांगत होते, म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही.

तळलेल्या मालाची गोष्ट निराळी. माझ्या गोदामातली हरभऱ्याची डाळ गिरणीत जाते, तिचे बेसन होते आणि बेसनाची आपली इंदुरी शेव. कोणत्याही जुन्या कारागिरास विचारा, तेलाचा ताव उतरला की शेव तेल पिते. सकाळचा घाणा आणि दुपारचा घाणा यांत तेल सारखे मुरत नाही. शंभर ग्रॅम शेवेत तेल ३५ ऐवजी ४० ग्रॅम राहिले असे समजा; तेलाचे ४५ उष्मांक वाढले, तेवढ्या वजनाच्या बेसनाचे सुमारे २० घटले, म्हणजे २५ ची वाढ. छापील आकडा मात्र पहिल्या नमुन्याचाच राहतो, कारण वेष्टनाची छपाई एकदम मोठ्या प्रमाणावर होते आणि घाणे रोज निघतात. यात लबाडी नाही, हे मी मान्य करतो, बेफिकिरी आहे.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बाजारातील २४ प्रकारचे खाऊचे पदार्थ पारखले गेले. लेबलापेक्षा उष्मांक ४.३ टक्क्यांनी अधिक, असा मधला फरक निघाला. तिकडचा कायदा छापील आकड्यापेक्षा २० टक्के अधिकपर्यंत चालवून घेतो, तेव्हा बहुतेक माल कायद्यात बसला. चार टक्के काही मोठी रक्कम नव्हे. परंतु आपल्याला एवढे कळते की, काट्याची चूक कधी इकडे, कधी तिकडे पडली तर ती चूक. सदैव एकाच बाजूला पडू लागली तर तिला दुसरे नाव आहे.

दुसरी खोच खुराकाची. पाकीट २०० ग्रॅमचे, आणि दैनिक गरजेचा टक्का काढलेला ३० ग्रॅमच्या खुराकावर. दिवसाला २००० उष्मांक धरून हा टक्का आठाच्या आसपास दिसतो. अख्ख्या पाकिटाचा मात्र पंचावन्न होतो. तीस ग्रॅम शेव खाऊन पाकीट बांधून ठेवणारा मनुष्य आमच्या घरात तरी जन्मास आलेला नाही.

हल्ली घरोघरी मधुमेहाची मंडळी आहेत. कित्येक सुना-मुली आणि आपल्यापैकी काही वडीलधारेही फोनमध्ये रोजच्या खाण्याची कीर्द लिहितात, आणि वजन उतरले नाही की स्वतःला दोष देतात. नोंद नेटकी, पण बीजकच चुकीचे, तर बाकी कशी जुळणार? त्यांना माझे सांगणे एवढेच की, पाकिटाचा आकडा अंदाज म्हणून घ्यावा, रुपया-पैशाचा हिशेब म्हणून नव्हे. आपल्याकडील ऊणोदरीत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास व स्त्रीचा २८ घास धरून त्याहून कमी जेवावयाचे असते. तेथे ज्याचे माप त्याच्याच हातात असते. छपाईवर विश्वासावे लागत नाही.

विकणाऱ्यांना मात्र निराळे सांगणे आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी वजने-मापे वापरणे, स्पष्ट गणलेले आहे. तागडी शेकडो वर्षांपूर्वीची आणि तक्ता आजचा, एवढ्याने तक्ता त्यातून सुटतो असे मला वाटत नाही. अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूस तारे छापण्याचा मसुदा काढला होता. असे तारेही त्याच आकड्यांतून निघावयाचे. आकडा सैल असेल तर ताराही सैलच.

यास्तव संघाने पुढील वर्षी एवढे करावे. जे सभासद फरसाण बांधून विकतात त्यांनी प्रत्येक हंगामात, विशेषतः तेल किंवा कारागीर बदलल्यावर, निरनिराळ्या घाण्यांतील नमुने एकत्र करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, आणि अख्ख्या पाकिटाचा आकडा ठळक छापावा. लहान सभासदांना खर्च झेपणार नाही ही हरकत रास्त आहे. तो संघाच्या सामायिक निधीतून व्हावा. डाळ माझ्याकडून नेणारे तिघे पहिले नमुने देण्यास तयार आहेत. त्यांची शेव कार्यालयात पोहोचविण्याची जबाबदारी मी घेतो; ती वाटेत खाल्ली जाणार नाही याची जबाबदारी मात्र चिटणीसांनी घ्यावी.