नवे भोक पाडण्यापूर्वी

मोटारीचे एरियल हा डॉक्टरांच्या स्मरणिकेचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न वाचकांना पडल्यास तो रास्तच आहे. परंतु गेले काही महिने मी ज्या निदानात गुंतलो होतो, ते कोणा बालरुग्णाचे नसून वडिलांनी १९८४ साली घेतलेल्या सिपानी डॉल्फिनचे होते.

बंगळूरच्या सिपानी कंपनीने इंग्लंडमधील रिलायंट किटनवरून बेतलेली, ८४८ सी.सी. इंजिनाची ही छोटी गाडी. सांगाडा लोखंडी, अंग मात्र फायबर ग्लासचे. म्हैस अंग घासून गेली तरी टवका उडेल, अशी निपाणीत तिची चेष्टा होई. वडील तिथे जनरल प्रॅक्टिस करीत. खेड्यांतील रुग्ण पाहून परतताना सांगलीचे मराठी आणि धारवाडचे कानडी, अशी आकाशवाणीची दोन्ही केंद्रे त्यांना सोबत करीत. आज ते ८७ वर्षांचे आहेत. स्मृतिभ्रंशामुळे माझे नावही त्यांना नेहमी आठवत नाही. पण संध्याकाळ झाली की ते गाडीत जाऊन बसतात आणि रेडिओचे बटण फिरवीत राहतात. रेडिओतून केवळ खरखर येई.

एका कारागिराने एरियल बदलून दिले. खरखर कायम राहिली. दुसऱ्याने टपावर नवे भोक पाडून लांब एरियल बसवण्याचा सल्ला दिला. माझा विरोध इथे होता, आणि आहे. फायबरला पाडलेले भोक पत्र्यासारखे झाळून बुजवता येत नाही. नट जरा जास्त आवळला की रंगाखालच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पसरतात.

शिवाय रोग एरियलमध्ये नव्हताच. पत्र्याच्या गाडीत एरियलचे बूड आपसूक अर्थ होते, कारण सारे अंगच धातूचे. फायबर वीजवाहक नाही. तिथे बुडापासून लोखंडी सांगाड्यापर्यंत वेगळी तार न्यावी लागते. फायबरमुळे लहरी अडत नाहीत, हा त्याचा गुणही आहे. १९५३ च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये एरियलची जाळी डिकीच्या फायबरच्या झाकणातच दडवली होती. मात्र त्याच गुणामुळे इंजिनाच्या ठिणग्यांचा गोंगाटही बॉनेट अडवीत नाही. आमच्या गाडीची खरखर ॲक्सिलरेटरबरोबर चढत होती, ही खूण मी स्वतः ऐकत होतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करीत होतो.

उद्यमबागेतील एका वयस्क वायरमनने मल्टिमीटर लावला. एरियलच्या टोकापासून आतल्या तारेपर्यंत जोड ठीक. बाहेरच्या जाळीपासून सांगाड्यापर्यंत काहीच नाही. मूळची तांब्याची वेणी गंजून तुटली होती. त्याने सांगाड्यावरचा रंग खरवडून नवी वेणी आवळली, जुन्याच भोकाखाली रुंद वॉशर घातला, आणि एक क्षीण केंद्र लावून रेडिओवरचा बारीक स्क्रू आवाज सर्वांत स्पष्ट होईतो फिरवला. तासाभराचे काम होते.

मी लाजलो ते यासाठी की, ओपीडीतील गर्दीत तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही म्हणून निदानाविना प्रतिजैविक बदलण्याचे पाप मीही केले आहे. भाग बदलणे हा तपासणीला पर्याय नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. गर्दीत आपणच विसरतो.

काही मित्रांचा आक्षेप असा की, आकाशवाणी आता मोबाइलवर ऐकू येते, मध्यम लहरींची केंद्रेही कमी होत चालली आहेत, मग हा खटाटोप कशाला? गाडी माझ्यासाठी असती तर मी हे मानले असते. वडिलांना मोबाइल उमगत नाही. ते बटण मात्र त्यांच्या बोटांना अजून ओळखीचे आहे.

सूर्यास्तानंतर मध्यम लहरी दूरवर पोहोचतात. त्या रात्री कुठले तरी लांबचे केंद्र लागले. शब्द नीट कळत नव्हते, मागे सतार वाजत होती. वडिलांनी थोडा वेळ ऐकले, मग आवाज बारीक केला आणि मला विचारले, "पेशंटचं घर आलं का?"