चुंबळीवर हेल्मेट बसत नाही

हेल्मेटनं काम मंदावतं, हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो पाठ झालाय. हुडकेश्वरात राहायचं म्हणजे बांधकामाच्या शेजारी राहायचं. आमच्या गल्लीत दोन अपार्टमेंट चढताहेत. त्यातल्या एकाचा ठेकेदार चहाच्या टपरीवर भेटतो. "हेल्मेट घातलं का काम स्लो होते भाऊ, अन् लेबर आयकत नाही," एवढं बोलून तो मोकळा होतो आणि ऐकणारे माना डोलावतात. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरचा का होईना. 'स्लो' हा शब्द कोणी मोजमापाशिवाय वापरला की मला त्रास होतो.

तर जिथं खरंच सेकंद मोजतात तिथलं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीत गाडी पिटमध्ये थांबते, माणसं भिंतीवरून उड्या मारतात, चार टायर बदलतात, पेट्रोल भरतात आणि गाडी सुटते. या कामात एक सेकंद गेला तर शर्यतीतल्या जागा जातात. नोव्हेंबर 1990 मध्ये अटलांटाच्या पिटमध्ये रिकी रड यांची गाडी फिरली आणि बिल इलियट यांचा टायर बदलणारा माइक रिच हा तरुण तिच्या धडकेत गेला. मग 1991 पासून पिटमध्ये वेगमर्यादा आली. 2001 मध्ये होमस्टेडला पुन्हा एक गाडी फिरली, या वेळी थेट रड यांच्याच क्रूवर. माणसं जखमी झाली आणि 2002 पासून भिंत ओलांडणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं झालं.

मग ते स्लो झाले का? त्या काळी 14-15 सेकंदांचा थांबा चांगला मानला जायचा. आज चांगल्या टीम 10 सेकंदांच्या आसपास सुटतात, आणि तेही 2018 पासून सहाऐवजी पाचच माणसांत. हेल्मेटमुळे वेग वाढला असं मी म्हणत नाही. 2022 पासून चाकाला पाचऐवजी एकच नट आलाय, क्रूमध्ये कॉलेजात फुटबॉल खेळलेले धिप्पाड खेळाडू घेतले जातात आणि आठवडाभर सराव चालतो. माझा मुद्दा इतकाच आहे की तिथं डोकं झाकायचं हे आधी ठरलं आणि मग उरलेलं काम त्याभोवती बसवलं गेलं. हेल्मेट हलकं, ऐकायला रेडिओ त्याच्या आतच. पेट्रोल भरणाऱ्याला आगीपासून वाचवणारा वेगळा पोशाख.

आता आमच्या गल्लीत या.

तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडतोय. खाली मिक्सर, वर सळई बांधणारे. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट सहज बसेल, आणि ते नसेल तर तो निव्वळ ठेकेदाराचा कंजूषपणा. पण मधल्या शिडीवरून बायका घमेली वाहतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पंधरा-वीस किलोचा माल. तिनं हेल्मेट घालायचं कुठं?

हेल्मेटची रचना समजून घ्या. बाहेर टणक कवच, आत पट्ट्यांची जाळी, आणि दोघांमध्ये मुद्दाम ठेवलेली मोकळी जागा. वरून वीट पडली की ती जागा धक्का खाते. त्या गोल, गुळगुळीत कवचावर तुम्ही दिवसभर घमेलं ठेवलं तर ते डुलणार, घसरणार आणि मधली जागा आधीच दबलेली असणार. म्हणजे "लेबर आयकत नाही" हे या बाईच्या बाबतीत सरळ खोटं आहे. ज्यानं डोकं वाचवायचं, तेच डोकं आपण हातगाडी म्हणून वापरतोय.

कायदा नाही असंही नाही. बांधकाम कामगारांचा कायदा 1996 मध्येच झाला होता. बांधकामावर उपकर बसतो, त्यातून महाराष्ट्राचं कल्याणकारी मंडळ चालतं आणि नोंदणी झालेल्या कामगाराला पेटीतून सुरक्षा संच देतं. त्या संचात हेल्मेट असतं. पेटी मिळाली की आपल्या सरकारी मनाला काम झाल्यासारखं वाटतं. घमेलं मात्र डोक्यावरच राहतं.

उन्हाचं कारण मी मान्य करतो. 2013 च्या मे महिन्यात ज्या शहराचा पारा 47.9 वर गेला, तिथं प्लास्टिकचं कवच घालून दुपारी काम करणं ही शिक्षाच आहे. पण मग दुपारचं काम बंद ठेवा, सावली करा, पाणी ठेवा. सगळे उपाय सोडून नेमकं हेल्मेटच कसं काढलं जातं?

खरा उपाय कंटाळवाणा आहे: माल चढवणारं यंत्र. छोटा होइस्ट भाड्यानं मिळतो. मोठ्या साइटवर तो दिसतोच, गल्लीतल्या तीन मजली इमारतीला मात्र तो 'परवडत नाही'. यंत्र लावलं की घमेलेवाल्या बायकांची हजेरी कमी होईल, ही भीती खरी आहे आणि ती मला स्वस्तात उडवून लावता येत नाही. त्यांना यंत्र चालवायला शिकवा, माल भरायला-उतरवायला ठेवा, आणि यंत्राचं भाडं फ्लॅटच्या किमतीत दाखवा. मला, ग्राहकाला, ते दिसू द्या. मॉड्युलर किचनसाठी आम्ही लाख मोजतोच.

बुकिंगच्या निमित्तानं मी तीन-चार साइट पाहिल्या. एका ठिकाणी गेटवरच सेल्सच्या मुलानं मला कोरं पांढरं हेल्मेट दिलं. "सर, सेफ्टी." वीस मिनिटं मी ते घालून फिरलो. जिन्यात एका बाईला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभा राहिलो. तिच्या डोक्यावर घमेलं होतं. मी त्या मुलाला होइस्टचं विचारलं, तर त्यानं मला पार्किंगचा प्लॅन दाखवला.