गाठ उपाशी मरत नाही

ओळखीपाळखीत कुणाला कर्करोग झाल्याचे कळले की आठवड्याच्या आत त्या घरी सल्ल्यांची रीघ लागते. त्यातला एक हल्ली हमखास असतो: ‘साखर, भात, फळे बंद करा, गाठ उपाशी मरेल.’ सांगणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण यात खरे किती, हे समजून घेतले नाही तर उपाशी राहतो तो रोगीच.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात आढळले की, प्राणवायू मुबलक असतानाही कर्कपेशी बरेचसे ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत. ते अर्धवट मोडून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. पूर्ण ज्वलनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, या वाटेने अवघी २. बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पण वाढत्या पेशीला नव्या पेशी बांधायला कच्चा माल हवा असतो आणि तो या मोडणीतून हाती लागतो. पेट स्कॅनमध्ये अनेक गाठी उजळतात त्या ग्लुकोजच्या याच हव्यासामुळे.

तरीही साखर तोडून गाठ सुकत नाही. आपण उपाशी राहिलो तरी यकृत रक्तातले ग्लुकोज राखते. त्यासाठी स्नायू झिजतात. शिवाय अनेक कर्कपेशी प्रथिनांच्या घटकांवर आणि चरबीवरही निभावून नेतात. वजन घटलेल्या रोग्याला मात्र केमोथेरपी सोसवेनाशी होते.

आणि गाठ काही एकटी वाढत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त यकृताला पोचते तसे प्लीहेलाही. पण रोग यकृतात वारंवार पसरलेला दिसला, प्लीहेत क्वचित. बी सगळीकडे पडते, रुजते ते मानवेल त्या मातीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही माती म्हणजे गाठीभोवतीच्या पेशी. गाठ त्यांना फितवते. तंतू विणणाऱ्या पेशी दाट जाळे विणतात, त्यातून औषध आत झिरपत नाही. वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांमुळे जिथे प्राणवायू कमी पोचतो, तिथे किरणोपचाराची धार बोथटते. साठलेल्या आम्लात शरीराचे रक्षण करणाऱ्या टी पेशी मंदावतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या कार-टी उपचाराचा उपयोग रक्ताच्या काही कर्करोगांवर होतो. घट्ट गाठींपुढे असे उपचार अजून अडखळतात, त्यामागे ही मातीही आहे.

म्हणून औषधे आता मातीवरही काम करतात. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हॅसिझुमॅब अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. टी पेशींना लागलेला लगाम सोडवण्याच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले.

तेव्हा पथ्य ठरवू द्यावे ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना. मधुमेह असेल तर अधिकच. आपण नातलगांनी सल्ल्याऐवजी रोग्याला रुचेल, पचेल असा डबा न्यावा.