अभयाचा ताळेबंद

पीटर बर्ग दिग्दर्शित ‘लोन सर्व्हायव्हर’ हा २०१३ सालचा इंग्रजी चित्रपट युद्धपट म्हणून ओळखला जातो. डोंगरकड्यावरील भीषण चकमकीने त्याचा मोठा भाग व्यापला आहे. तथापि त्याचे खरे मोल दोन निर्णयांत आहे, आणि दोन्ही निर्णय कोणाचा तरी जीव राखण्याचे आहेत.

कथानक सत्य घटनेवर आधारलेले आहे. जून २००५ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ दलाचे चार जवान अफगाणिस्तानातील कुनार प्रांतात, अहमद शाह या बंडखोर म्होरक्याच्या शोधार्थ उतरले. २८ जून रोजी काही स्थानिक मेंढपाळ त्यांच्या लपण्याच्या जागी अवचित येऊन ठेपले. त्यांना ठार मारावे, बांधून ठेवावे की सोडून द्यावे? चित्रपटात यावर कडाक्याचा वाद होतो आणि पथकप्रमुख लेफ्टनंट मायकेल मर्फी त्यांना सोडून देण्याचा आदेश देतो. काही वेळातच शत्रू चाल करून येतो. मर्फी, डॅनी डायट्झ आणि मॅथ्यू ॲक्सेलसन धारातीर्थी पडतात. मदतीस आलेले हेलिकॉप्टर पाडले जाते व त्यातील सोळाही जण प्राणास मुकतात. चौघांपैकी उरतो तो एकटा मार्कस लट्रेल. जखमी, तहानलेला आणि शत्रूच्या मुलखात अडकलेला.

येथे प्रेक्षकाचे व्यवहारी मन लगेच ताळेबंद मांडते: तीन जीव सोडले आणि एकोणीस गमावले, म्हणजे दया महाग पडली. पण हा हिशेब घाईचा आहे. हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून आणि पाऊलखुणांचा माग काढून शत्रू त्या जवानांपर्यंत पोहोचला, असे लट्रेलला आश्रय देणाऱ्या मोहम्मद गुलाब यांनी पुढे सांगितले. शिवाय त्या ताळेबंदात जमेची बाजू अजून लिहायची राहिलेली असते.

गुलाब हे त्याच डोंगरातील एका गावचे रहिवासी. लट्रेल त्यांच्या नात्याचा नव्हता, धर्माचा नव्हता. त्याची भाषाही त्यांना येत नव्हती. तरीही त्यांनी त्याला गावात आणले. शरणागताचे रक्षण करावे, मग त्यासाठी कोणतीही किंमत पडो, हा पश्तून समाजाचा पिढीजात दंडक ‘पश्तूनवली’ या आचारसंहितेचा भाग आहे. तालिबानने लट्रेलला ताब्यात देण्याची मागणी केली. गावाने ती धुडकावली. गावातील एक वृद्ध त्याची चिठ्ठी घेऊन अमेरिकी ठाण्यावर गेला आणि २ जुलै रोजी लट्रेलची सुटका झाली. जामीन राहणाऱ्याला पेढीच्या नफ्यात वाटा नसतो, बुडिताची जबाबदारी मात्र त्याच्या शिरावर असते. गुलाब यांनी आपले घरदार असेच एका अनोळखी माणसासाठी जामीन ठेवले. त्याची फेड त्यांना दीर्घकाळ करावी लागली. धमक्या थांबल्या नाहीत आणि अखेर त्यांना मायभूमी सोडून अमेरिकेत जावे लागले.

चित्रपटाचे उणेपण याच भागात आहे. अखेरीस गावावर मोठा हल्ला होतो व घनघोर लढाई जुंपते, हा प्रसंग कल्पित आहे. शत्रू दाराशी असताना दिवसामागून दिवस शब्द पाळणे, हे धैर्य दिग्दर्शकाला पडद्यासाठी अपुरे वाटले असावे. मार्क वॉलबर्ग यांनी लट्रेलची यातना प्रामाणिकपणे उभी केली आहे; अली सुलिमान यांचा गुलाब मोजक्याच शब्दांत लक्षात राहतो. रक्तपात व कठोर भाषा पाहता लहान मुलांसमवेत हा चित्रपट पाहू नये. घरातील जाणत्या मुलांबरोबर मात्र तो पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे.

मर्फीने मेंढपाळांना सोडले तेव्हा त्याला परतफेडीची हमी नव्हती. गुलाब यांनाही नव्हती. दोघांनाही त्याची जबर किंमत मोजावी लागली. तरीही लट्रेल जिवंत राहिला, तो ज्याने लाभहानी न पाहता अभय दिले, अशा माणसामुळेच. ती चौघे ज्या कसोटीला डोंगरावर सामोरे गेले, तीच कसोटी त्या खेड्यातही होती. आणि शस्त्रे, देश, धर्म वेगळे असूनही दोन्ही ठिकाणी उत्तर एकच निघाले.