मेलेल्याच्या घरी कोण होते?

रहस्यकथा म्हटली की सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. "असल्या पुस्तकांनी पोरे बिघडतात" हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. मित्रहो, मी मात्र या पुस्तकांचा ऋणी आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरात पुस्तके म्हणजे हरिपाठ आणि पंचांग. हिंगोलीच्या रद्दीच्या दुकानात दहा रुपयांना मिळालेली, कव्हर फाटलेली बाबूराव अर्नाळकरांची कादंबरी हे मी स्वतःच्या पैशांनी घेतलेले पहिले पुस्तक. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचा झुंजार, आणि नंतर सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, यांनी मला वाचनाची गोडी लावली. तेव्हा अशी पुस्तके वाचू नयेत, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार निराळीच आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक कादंबरी मी नरसीला घरी नेली होती. देखणी नायिका, जुगाराचा अड्डा, मादक पदार्थांची टोळी, सारा मसाला तिच्यात होता. माझ्या आईला वाचता येत नाही. रात्री ती वाती वळत बसली की मी तिला मोठ्याने वाचून दाखवतो. एका प्रकरणात एक माणूस पत्त्यांच्या टेबलावर सर्वस्व हरतो, भांडतो आणि गोळी लागून मरतो. नायक त्याला ओलांडून नायिकेसह मोटारीत बसतो. आईचा हात थांबला. ती म्हणाली, "मेला त्याला लेकरंबाळं नव्हती का रं? त्याच्या घरी पुढं काय झालं?" मी पुढची पाने चाळली. त्या माणसाचे पुन्हा नावसुद्धा नव्हते.

आईचा प्रश्न सहज आलेला नव्हता. मटका आमच्या घरात शिरलेला होता. या खेळाचा इतिहास मला पुढे कळला. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढण्याचा धंदा सुरू केला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र कायम राहिले. कापसाच्या भावातून जन्मलेल्या त्या खेळात आमच्या शेतातल्या कापसाचे पैसे जावेत, हा केवढा दैवदुर्विलास! प्रथम आईच्या गळ्यातले गहाण पडले. मग ताईची शाळा दहावीला थांबली. तिची थांबली म्हणून माझी चालू राहिली, हे मी कसे विसरू? बाबांनी तीन वर्षांपूर्वी तो नाद सोडला. ताईची शाळा काही परत आली नाही.

काही जण म्हणतील, घरचे रडगाणे घातले तर रहस्यकथेतली उत्कंठा कुठे राहील? त्यांना मी सांगेन, संध्याकाळी बाबांची चप्पल दारात वाजली की आम्ही तिघे श्वास रोखून बसत असू. आकडा लागला की गेला? त्याहून मोठे रहस्य मी अजून वाचलेले नाही.

ही उणीव केवळ मराठीतली नाही. कोलंबियातल्या पाब्लो एस्कोबारचे नाव आज आपल्या वर्गातही माहीत आहे. १९८९ मध्ये त्याच्या टोळीने घडवलेल्या बाँबस्फोटात विमानातले १०७ जण मेले. त्यांतले एक तरी नाव आपल्याला ठाऊक आहे काय?

आमच्या गावाला संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मान आहे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो. तारुण्यात ते दरोडेखोरांच्या संगतीत होते. टोळीने चौऱ्याऐंशी घोडेस्वार मारले. पुढे औंढ्याच्या देवळापाशी भुकेल्या लेकराची समजूत घालणारी एक बाई त्यांना दिसली. ती त्या स्वारांपैकीच एकाची विधवा होती, आणि तिच्या दुःखाने त्यांचे आयुष्य पालटले. गोष्ट खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळली होती. चौऱ्याऐंशी मुडद्यांनी जे घडले नाही, ते एका घराच्या दर्शनाने घडले.

२०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जुगाराविरुद्धचा कायदा तर १८८७ पासून आहे. तरी आकडा आमच्या गल्लीत आलाच. कायदा दाराबाहेर उभा राहतो. गोष्ट घरात शिरते. म्हणून आपल्यापैकी जे उद्या लेखणी हाती धरतील त्यांना माझी विनंती आहे की, खून लिहा, प्रेम लिहा, जुगारही लिहा. पण एक प्रकरण हरलेल्याच्या घरचे असू द्या. म्हणजे माझ्या आईला ते वाचून दाखवताना मला पाने चाळावी लागणार नाहीत.

— बी. ए. द्वितीय वर्ष