गंज आणि घसारा

मालेगावच्या यंत्रमाग कामगाराला गंजाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. पावसाळ्यात माग काही दिवस बंद राहिला की लोखंडावर तांबूस थर चढतो आणि त्याचा डाग कापडावर उमटतो. जे मागाचे, तेच पुलाचे, पाण्याच्या टाकीचे आणि जमिनीखालच्या नळाचेही. फरक एवढाच की मागाचा गंज पुसला जातो, सार्वजनिक मालमत्तेचा झाकला जातो.

गंज हे दैव नव्हे; ती एक विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. ओल्या लोखंडावर असंख्य सूक्ष्म विद्युत्‌घट तयार होतात. धनाग्रापाशी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरते. ऋणाग्रापाशी पाणी व प्राणवायू ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात. पाण्यात क्षार असले की हा व्यवहार वेगाने चालतो. उपायही यातूनच निघतात. रंग पाण्याला व हवेला अडवतो. जस्ताचा मुलामा त्यापुढे जातो. ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. जमिनीखालच्या नळांना याच तत्त्वावर मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. हम्फ्री डेव्ही यांनी हे तत्त्व ब्रिटिश नौदलाच्या जहाजांसाठी १८२४ साली मांडले. म्हणजे ज्ञान दोनशे वर्षांचे आहे. उणीव ज्ञानाची नाही.

गोव्यातील मांडवी नदीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. सुमारे दीड दशकाचेच त्याचे आयुष्य ठरले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार जीव गेले. गर्दीचा भार हे कारण होतेच. परंतु जीर्ण लोखंडाला तो पेलला नाही, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्रात याला घसारा म्हणतात. खासगी कारखानदार तो दरवर्षी हिशेबात धरतो. सार्वजनिक अंदाजपत्रकात मात्र उद्‌घाटनाला रक्कम असते, रंगाच्या हाताला नसते. २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने गंजाचा जागतिक खर्च अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के, असा काढला. ज्ञात उपाय योजले तर त्यातील १५ ते ३५ टक्के वाचू शकतो, असेही त्यात म्हटले आहे. हा खर्च टाळला असे वाटते तेव्हा तो केवळ पुढे ढकललेला असतो, आणि शेवटी तो पायी चालणाऱ्यांकडून वसूल होतो.

म्हणून मालेगावातील कार्यकर्त्यांनी महापालिकेकडे एक साधी मागणी लावून धरावी. मोसम व गिरणेवरचा प्रत्येक पूल, प्रत्येक टाकी व मुख्य जलवाहिनी यांचे वय, शेवटच्या तपासणीची तारीख आणि देखभालीची तरतूद दरवर्षी जाहीर व्हावी. नव्या पुलाची कोनशिला बसवण्यापूर्वी जुन्या पुलाचा हिशेब द्यावा लागेल, असा दंडक लोकांनी घालून दिला पाहिजे.