परावलंबनाचे माप

आज २१ सप्टेंबर, जागतिक अल्झायमर दिन. आज वार कोणता, हे तीन शब्द पुन्हा सांगा, शंभरातून सात वजा करत या, अशा चाचण्या आज ठिकठिकाणी होतील. किती विसरायला झाले आहे, ते त्यांतून समजते. घरच्यांना मात्र आधी हे हवे असते, की यांना दोन तास एकटे ठेवून बाहेर जाता येईल का?

१९९४मध्ये संशोधक याकोव्ह स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परावलंबनासाठी तेरा प्रश्नांची मोजपट्टी मांडली. प्रश्न विचारायचे ते सांभाळणाऱ्या माणसाला. कामांची आठवण करून द्यावी लागते का, बाहेर सोबत लागते का, जागेपणी लक्ष ठेवावे लागते का, कपडे घालावे, भरवावे लागते का, असे करत ती नळीने अन्न देण्यापर्यंत पोचते.

त्यातल्या अंघोळीच्या प्रश्नापुढे ‘मदत लागते’ अशी खूण करायला क्षण पुरतो. प्रत्यक्षात सून पाणी काढते तेव्हा सासरे ‘आत्ताच झाली की माझी’ म्हणत सदऱ्याची बटणे मुठीत धरून बसतात. समजूत पटेपर्यंत पाणी निवते, पुन्हा तापवावे लागते. तांब्या अंगावर ओतताच ते दचकून तिचे मनगट आवळतात. हे रोजचे, आणि त्यानंतर तिला कामावरही जायचे असते.

घरकाम, औषधे, पैसे अशी आठ कामे मोजणारी लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्यात सुरुवातीला स्वयंपाक, घरकाम आणि धुणे हे प्रश्न पुरुषांसाठी धरत नसत. आपल्याकडेही आईच्या आमटीत मीठ दोनदा पडले की घर लगेच बोलते. वडिलांच्या हातावर मात्र आयुष्यभर आईनेच गोळ्या ठेवलेल्या असतात. त्यांचा आजार अशा घरात उशिरा लक्षात येतो.

जर्मनीत पूर्वी शरीराच्या देखभालीला किती मिनिटे लागतात यावर मदत ठरे. हिंडता-फिरता, पण सतत राखण लागणारा रुग्ण त्या हिशेबात नीट बसत नसे. २०१७पासून तिथे स्वावलंबन किती उरले यावर पाच श्रेणी ठरतात आणि दुसऱ्या श्रेणीपासून घरच्या देखभालीसाठी रोख भत्ता मिळतो. मोजणीला अर्थ येतो तो असा.

भारतात २०२३च्या अंदाजानुसार साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. आशा सेविका भरून घेतात त्या तपासणीच्या नमुन्यात साठीपुढच्यांसाठी खाणे, कपडे, अंघोळीला मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरतात का, हे प्रश्न आहेतच. उत्तर ‘हो’ आले तर रुग्णाला डॉक्टरकडे पाठवायचे असते. सांभाळणारीच्या वाट्याला त्यातून काही येत नाही. महाराष्ट्र सरकारने त्या ‘हो’ला तरतूद जोडावी: परावलंबनाच्या प्रमाणात भत्ता, तालुक्याला निदान एक दिवसभराचे देखभाल केंद्र, आणि सांभाळणारी स्वतः आजारी पडली तर घरी येणारे प्रशिक्षित माणूस. येत्या अर्थसंकल्पात याची सुरुवात व्हायला हवी.